इथल्या इथेच तर जायचंय!

आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं? "असाइनमेंट कुणाची पूर्ण आहे रे?" हे नक्कीच दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबराचं वाक्य रोज रात्री साडेनऊच्या सुमारास पार्किंगमध्ये ऐकू येतं. एकजण गाडी काढतो, दुसरा मागे बसता बसता विचारतो, "हेल्मेट?" आणि पुढचा मान न वळवता सांगतो, "अरे, इथल्या इथेच तर जायचंय!"

हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. शेवटचं म्हटलं ते जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी रात्री. हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. 'आलं रस्ता सुरक्षेचं भाषण!' असं म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा. भाषण द्यायचा मला अधिकारच नाही. मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय.

फर्स्ट इयरच्या नव्या पब्लिकसाठी आधी थोडा भूगोल. आपल्या गेटसमोरून जातो तो पुणे-बंगळूर हायवे. जुना नंबर ४, आताचा ४८. जुनी माणसं अजून 'एनएच फोर'च म्हणतात. ढाबा रस्त्याच्या पलीकडे. रविवारी रात्री मेस बंद, त्यामुळे सगळं हॉस्टेल तिकडेच. कायदेशीर रस्ता असा की गेटमधून डावीकडे वळायचं, पुढच्या अंडरपासपर्यंत जायचं आणि पलीकडून परत यायचं. हे तीन किलोमीटर. दुसरा रस्ता म्हणजे गेटमधून सरळ उजवीकडे, राँग साइडने, कडेकडेने चारशे मीटर. तिथे दुभाजक कुणीतरी कधीतरी फोडून ठेवलाय. त्या फटीतून गाडी घातली की समोर ढाबा. आपण कुठल्या रस्त्याने जातो हे वेगळं सांगायला नको.

त्या रात्री मी आणि माझा रूम पार्टनर असे दोघंच निघालो. हेल्मेट एकच, माझं. ते डोक्यावर नव्हतं, नेहमीप्रमाणे डाव्या कोपरात अडकवलेलं होतं. का, तर पुढे पोलीस दिसलाच तर घालता यावं म्हणून! वेग तीसच्या आसपास. याला काय कुणी फास्ट म्हणेल? दिवस उसाच्या हंगामाचे. ट्रॉल्यांमधून पडलेल्या उसाच्या कांड्या आणि पाचट चाकांखाली चिरडून कडेला पसरलेलं. समोरून एक ट्रक आला. त्याच्या लायटीने माझे डोळे दिपले. त्याने अप्पर-डिप्पर मारला, हॉर्न दिला. मी घाबरून कडेला घेतलं आणि मागचा ब्रेक दाबला. चाक उसावर गेलं, मागची बाजू सटकन फिरली आणि आम्ही दोघंही आडवे. मी गाडीवरून घसरत गेलो, गुडघे-कोपर सोलले. हेल्मेट कोपरात होतं ना, त्यामुळे हेल्मेटला जबरदस्त ओरखडे पडले. पार्टनर मागच्या मागे पडला. डोक्याची मागची बाजू सरळ डांबरावर.

ट्रकने आम्हाला धक्कासुद्धा लावला नव्हता. त्याने गाडी दुसऱ्या लेनमध्ये दाबली, पुढे जाऊन थांबवली. कर्नाटक पासिंगची गाडी. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघेही पळत आले. क्लीनरने आधी मागे जाऊन रस्त्यात झाडाची फांदी टाकली, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांना कळावं. मी पार्टनरला उठवून बसवायला लागलो तर ड्रायव्हर ओरडला, हलवू नको! मी पाणी आणायला निघालो तर म्हणाला, पाणी पण नको. आपली चादर आणून त्याने पार्टनरच्या अंगावर टाकली. माझा हात इतका थरथरत होता की मोबाईलचा लॉक उघडेना. शेवटी १०८ ला फोन त्यानेच लावला, मोडक्यातोडक्या हिंदीत जागा सांगितली आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

पहाटेच्या पहिल्या एसटीने पार्टनरचे वडील आले. पायात चपला, हातात पिशवी. मला बघून एवढंच विचारलं, "कसं झालं रे लेका?" आणि मी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा, त्यांच्या डोळ्यांत न बघता म्हणालो, "काका, एक ट्रकवाला कट मारून गेला."

हेच मी हॉस्टेलमध्ये सांगितलं. हेच सगळ्यांनी ऐकलं, पुढे सांगितलं, ट्रकवाल्यांना चार शिव्या घातल्या. आज हे छापून सांगतो, तो ट्रकवाला कट मारून गेला नव्हता. राँग साइडने मी आलो होतो आणि माझ्या मित्राचा जीव त्याने वाचवला होता.

आता मुद्द्याचं. 'इथल्या इथे' या वाक्यात दडलेला समज असा की लांब गेलं तर धोका, जवळ गेलं तर नाही. वेगात धोका, हळू चालवलं तर नाही. आपण इंजिनिअर होणार ना? मग हा समज फर्स्ट इयरच्याच मेकॅनिक्सवर तपासून बघू.

गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी जागेवर उभी आहे असं समजा. तिथून नुसतं डोकं खाली आलं तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ५.४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. या हिशोबात गाडीचा वेग कुठेच आला नाही. तुम्ही तीसने चालवा नाहीतर दहाने, ही उंची तेवढीच राहते. हेल्मेट काय करतं? आतलं थर्मोकोल दाबलं जातं आणि डोक्याला थांबायला जास्त अंतर मिळतं. थांबायचं अंतर दहापट झालं की सरासरी मंदन एक दशांश होतं. एवढं साधं गणित आहे, आणि आपण ते 'केस खराब होतात' या एका मुद्द्यावर खोडून टाकतो!

बरं, हाडाचं एकवेळ ठीक. हाड जुळतं. आतला मेंदू मात्र कवटीत थोडा मोकळा असतो. डोकं थांबलं तरी तो क्षणभर पुढे जातो. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाच्या मज्जातंतूंचे बारीक धागे एका हाडाच्या चाळणीतून वर जातात. मेंदू हिसक्याने सरकला की ते धागे तुटू शकतात. माझ्या पार्टनरचं तेच झालं. तो बरा झाला, वर्ष डाऊन गेलं पण परत आला, आता छान बोलतो, हसतो. सगळे म्हणतात, 'नशीब! काही झालं नाही.' पण त्याला वास येत नाही. मेसमध्ये खिचडी लागली तरी कळत नाही, पहिल्या पावसाचा वास कळत नाही. मध्यंतरी लॅबमध्ये इंजिनच्या पाइपमधून पेट्रोल गळत होतं. आम्ही सगळे नाक दाबून मागे सरलो आणि हा तिथेच वाकून रीडिंग घेत उभा! डॉक्टर म्हणाले, वास परत येईलच असं सांगता येत नाही. दीड किलोचं हेल्मेट माझ्या कोपरात होतं.

आता हायवेच्या आपल्या बाकीच्या सवयींकडे येऊ. कारण तो ढाबा संपला तरी वीकेंडला कास आहे, ठोसेघर आहे, आणि घरी जायचं तर खंबाटकी आहेच.

पहिली सवय राँग साइडची. तुम्ही तीसने आणि समोरचा ऐंशीने, म्हणजे तुम्ही एकमेकांकडे ताशी ११० ने येताय. सेकंदाला तीस मीटर. शंभर मीटरवर एकमेकांना दिसलात तर दोघांच्या हातात तीन सेकंद उरतात. त्यात समोरच्याला हायवेवर समोरून कुणी येईल अशी अपेक्षाच नसते, त्यामुळे त्याचा पहिला सेकंद 'हे काय?' यातच जातो.

दुसरी सवय रात्रीच्या वेगाची. प्रतिसादाला एक सेकंद धरा. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक चांगले असं सगळं आपल्या बाजूने धरून मंदन ७ मीटर प्रतिसेकंद वर्ग घ्या. साठने जाणारी गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात, ऐंशीला ५७, शंभरला ८३. डिपरवर आपल्या दिव्याचा कामाचा उजेड चाळीस-पन्नास मीटरपलीकडे फारसा जात नाही. म्हणजे रात्री ऐंशीने जाताना तुम्हाला पुढे जे दिसतं, ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात आपल्या भागात हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या! मागे लाल दिवा नाही, बैलगाडीला तर काहीच नाही. त्यांनी रिफ्लेक्टर लावलेच पाहिजेत, हे कबूल. पण ते लावतील तेव्हा लावतील, तोवर तुमचा वेग तुमच्या उजेडाच्या आत ठेवणं तुमच्या हातात आहे.

तिसरी सवय ट्रकच्या डावीकडून घुसायची. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, हा साधा नियम पाठ करून ठेवा. शिवाय लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. स्टिअरिंगच्या चॅप्टरमध्ये आपण याची आकृती काढतो, दहा मार्क मिळवतो आणि संध्याकाळी त्याच आतल्या जागेत गाडी घालतो.

चौथी सवय फक्त मागच्या ब्रेकची. लहानपणी ज्याने गाडी शिकवली त्याने सांगितलेलं असतं, 'पुढचा दाबू नको, पलटी होशील.' प्रत्यक्षात ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे खरी पकड तिथेच असते. मागचं चाक हलकं होऊन लॉक होतं आणि घसरतं. माझंही तसंच घसरलं. त्या चिरडलेल्या उसावर पुढचा ब्रेक कचकन दाबला असता तर तोही घसरलाच असता. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबायची सवय मोकळ्या मैदानावर लावून घ्यावी लागते. ऐनवेळी सुचत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. पण आपल्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्या त्यापेक्षा लहान, नाहीतर काकाकडून भावाकडे आणि भावाकडून आपल्याकडे वारशाने आलेल्या. टायरवरची नक्षी तर पणजोबांच्या काळातच पुसली गेलेली!

काहीजण म्हणतील, हे सगळं खरं, पण आपल्यापैकी किती जणांचं काही होतं? आकडे ऐका. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं, आणि त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसलेले! गाडी त्यांच्या हातात नव्हती, ब्रेक त्यांच्या पायाखाली नव्हता, आणि 'इथल्या इथेच' हे वाक्यही कदाचित त्यांचं नव्हतं. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, पण त्यावर गेलेली माणसं ३६ टक्के. आपलं गेट त्या दोन टक्क्यांवर उघडतं.

हेल्मेट म्हणजे काय, हेही एकदा ठरवून टाकू. पोलिसाला दाखवायला घेतलेली दीडशे रुपयांची टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. मार्क बघून घ्या, आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी लांब जाऊन पडतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, कारण आतलं थर्मोकोल एकदाच दाबलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाहेल्मेट हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने घातलेलं हेल्मेट पोलीस दिसला नाही की कोपरात जातं. हे मी अनुभवाने सांगतोय.

आता दोन गोष्टी स्टाफसाठी. सर, मॅडम, राग मानू नका. सकाळी पहिल्या लेक्चरला उशीर होतोय म्हणून उजवीकडून कडेकडेने येणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्याच काही विद्यार्थ्यांच्या नसतात. आम्ही नोट्स तुमच्या बघून लिहितो, तसं रस्त्यावरचंही तुमचंच बघतो. दुसरं म्हणजे, रविवारी रात्री मेस बंद ठेवून तीनशे भुकेली पोरं अंधारात हायवेपलीकडे पाठवायची आणि मग नोटीस बोर्डावर 'वाहने सावकाश चालवा' लावायचं, हे काही बरोबर नाही. मेसच्या मावशींना सुट्टी हवीच, त्यांचा हक्क आहे. पण सुट्टी दुसऱ्या वारी दुपारी देता येईल, किंवा रविवारी सकाळीच जादा पोळी-भाजी करून ठेवता येईल. अंडरपासमधले दिवे आणि तिथपर्यंत चालायला पायवाट यासाठी कॉलेजने लेखी पाठपुरावा करावा, सह्या गोळा करायचं काम आमच्याकडे द्या. दुभाजकाची ती फट बंद करायची मागणीही त्याच अर्जात टाका. पहिली सही माझी.

आणि आपण काय करायचं? आमच्या मजल्याने गेल्या सहामाहीत एक गोष्ट सुरू केली. वर्गणी काढून चार हेल्मेट घेतली आणि वॉचमन मामांच्या केबिनमध्ये टांगली. मागे बसणाऱ्याकडे हेल्मेट नसेल तर मामांकडून घ्यायचं, वहीत रूम नंबर लिहायचा, आल्यावर परत. मामा आता दोन डोक्यांवर दोन हेल्मेट दिसल्याशिवाय साखळी काढत नाहीत. सुरुवातीला पोरं चिडली. मामा शांतपणे म्हणाले, "जा की चालत. इथल्या इथेच तर जायचंय."

एक शेवटचं सांगायचं राहिलं. खोटं फार दिवस पेलवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पार्टनरच्या गावी गेलो तेव्हा काकांना सगळं खरं सांगितलं. राँग साइड, हेल्मेट, ट्रक, सगळं. त्यांना ते आधीच माहीत होतं, पोराने शुद्धीवर आल्यावर सांगितलं होतं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. थोड्या वेळाने फक्त एवढंच विचारलं, "त्या ड्रायव्हरला कुणी चहा तरी पाजला का रे?"

नाही पाजला. नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही, आणि वर त्याच्यावरच आळ घेतला. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या कायद्यात कलम आहे, त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. त्यामुळे तो कुठे भेटायचा नाही. त्याच्या चहाची परतफेड आता एकाच पद्धतीने होऊ शकते. हायवेवर कुणी पडलेलं दिसलं तर थांबायचं, हलवायचं नाही, १०८ लावायचा आणि अँब्युलन्स येईपर्यंत उभं राहायचं.

येत्या रविवारी रात्री मेस बंदच असेल. मी आणि पार्टनर साडेनऊला गेटवर आहोत. डावीकडून, अंडरपासमधून, चालत जाणार आहोत. तीन किलोमीटर म्हणजे फार नाही. यायचं असेल तर या. टॉर्च आणा.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)